एका सीटच्या पैशात दोघांचं व्हिएतनाम

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी साडेसहा.

नवीन वर्ष, तीन संकल्प. एक: फुकट भाषण बंद. बत्तीस वर्षं बँकेत नोकरी आणि युनियनची गेट-मीटिंग, निवृत्तीनंतर पाच वर्षं जिल्हाभर व्याख्यानं. घसा माझा, पेट्रोल माझं. यापुढे मानधनाचं पाकीट घेतल्याशिवाय व्यासपीठावरून उतरणार नाही. दोन: रोजनिशी रोज लिहिणार. तीन: मे महिन्यात दर्शनाला घेऊन व्हिएतनाम.

तिसऱ्याची पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. दर्शना, माझी पत्नी, जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवते आहे. तीस एप्रिलला निवृत्त होते. तिच्या डीएडच्या मैत्रिणी, हिला धरून सात जणी, नऊ मेला एका टूर कंपनीबरोबर व्हिएतनामला निघाल्यात. म्होरकी राही. दरडोई अठ्ठ्याण्णव हजार. काल जेवताना दर्शनाने ते रंगीत पत्रक माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "मी जाईन म्हणते."

मला बोलावंच लागलं. ज्या देशाने जगातल्या सर्वांत बलाढ्य सैन्याला रबरी चपला घालून हरवलं, त्या देशात आपण एसी बसमधून, गळ्यात ओळखपत्रं अडकवून, झेंडीवाल्या पोराच्या मागे फिरायचं? सुमारे चाळीस मिनिटं बोललो. तेवढ्यात तिची भांडी घासून झाली. शेवटी घोषणाच केली: या एका सीटच्या पैशात मी दोघांना व्हिएतनाम दाखवतो.

दर्शना म्हणाली, "बरं."

तिला पटलं. माझं बोलणं शेवटी माणसाच्या आत उतरतंच.

२ जानेवारी.

फंड उघडला. मुदत संपलेल्या ठेवीचे एक लाख दहा हजार. यातले अठ्ठ्याण्णव पुरेत, वरचे आकस्मिक.

मोठा शोध: तिथे एका रुपयाला साधारण तीनशे डाँग मिळतात. म्हणजे आमच्याकडे आज तीन कोटी तीस लाख आहेत. सकाळपासून चालण्यात फरक पडलाय.

शेजारी गंगारामला सांगितलं. तो तीस वर्षं बोटीवर भंडारी होता, म्हणजे आचारी. सगळी बंदरं त्याने पाहिलीत, पण बंदराच्या फाटकापर्यंतच. म्हणाला, "भाऊ, तिकडं चायपन पंचवीस हजाराला, हां." मी म्हटलं, घेऊ की! आपल्याकडे कोटी आहेत. तो म्हणाला, "मग माका एक कप पाजा हितंच." पाजला.

४ जानेवारी, रविवार.

बजेटला नाव दिलं: गनिमी बजेट. तत्त्व एकच, शत्रूला म्हणजे बाजाराला आपल्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. विमान दोघांचं जाऊन-येऊन पन्नास हजार (आज हाच भाव आहे). राहणं वीस. फिरणं पंधरा. व्हिसा वगैरे पाच. जेवण: शून्य.

जेवणाच्या रकान्याचा मला विशेष अभिमान आहे. कुळीथपीठ, तांदूळ, सोडे, सुके बांगडे, कोकमाच्या आगळाची बाटली आणि एक छोटी विजेची शेगडी नेली की आठ दिवस कोणाच्या दारात जायला नको. दर्शनाला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "रांधायचं कोणी?" मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला?

मग ती जे बोलली ते इथे मुद्दाम लिहितो, कारण त्यात विचारांचा गोंधळ आहे. मी म्हटलं होतं की तिथेही भात आणि मासळीच आहे, इथल्यासारखीच. तर म्हणाली, "ठाऊक आहे ओ मला. पस्तीस वर्षं नकाशावर काठी ठेवून पोरांना हेच सांगितलं. भात आणि मासळी. ती मला दुसऱ्या कोणी रांधलेली खायची आहे. आठ दिवस. बस्स."

समजूत काढली. प्रवास म्हणजे पोटपूजा नव्हे. रकाना शून्यच ठेवला.

९ जानेवारी.

राहीचा फोन. टूरच्या सीटचे पैसे पंधरा तारखेच्या आत. फोन दर्शनाकडून मीच घेतला. राही म्हणाली, "भाऊजी, सोडा ना हिला. सातातली एक नसली तर चुकल्यासारखं वाटेल." मी पर्यटन उद्योगाच्या अर्थकारणावर थोडं बोललो. मग तिकडून नुसता कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज येत होता.

दर्शनाला सांगितलं, सीट रद्द कर. ती म्हणाली, "मी बघते."

नोंद: सीट रद्द.

१२ जानेवारी, सोमवार.

पावसच्या कॉलेजात युवक दिनाचं भाषण. वर्षातलं पहिलं पाकीट! हाताला जाड लागलं, पंधराशे तरी असावेत. खिशात घालणार एवढ्यात सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, "सरांसारख्या निःस्वार्थ माणसांमुळेच समाज उभा आहे." तीनशे पोरं टाळ्या वाजवत होती. अशा वेळी माणूस काय करणार? माइक पुन्हा हातात घेतला आणि आपली जुनी पद्धत पाळली: पाकीट संस्थेला परत, वर माझे पाचशे एक. टाळ्या दुप्पट झाल्या.

घरी येताना हिशेब केला. याला खर्च म्हणता येणार नाही. ही प्रतिष्ठेतली गुंतवणूक आहे, पुढची पाकिटं जाड येतील. फंडात अजून तीन कोटी अठ्ठावीस लाख आहेत.

२५ जानेवारी, रविवार.

पावसच्या कलमांवर जाऊन आलो. वडिलांनी लावलेली बारा हापूसची झाडं. मोहोर असा की पान दिसत नाही! बाबल्या, जो कलमं राखतो, तोही म्हणाला, "भाऊ, औंदा बघा." झाडाला पाच धरल्या तरी साठ पेट्या. पेटीला तीन हजार. एक लाख ऐंशी हजार!

बजेट तुटीतून नव्हे, शिलकीतून शिलकीत गेलं. हालाँगच्या समुद्रात बोटीवर एक मुक्काम वाढवला. हनोईचं हॉटेल ठरवून टाकलं, दहा ते सतरा मे, अठरा हजार, परत न मिळण्याच्या बोलीवर, कारण तसं स्वस्त पडतं आणि माघार घेणारा मी नव्हे. विमानाची तिकिटं आंब्याचे पैसे आले की. घाई भांडवलदारांना असते.

दर्शनाला म्हटलं, नवीन चपला घे. म्हणाली, "घेतल्या परवाच." तिचा उत्साह बघून बरं वाटलं.

११ फेब्रुवारी.

सलग चार दिवस धुकं. मोहोर काळा पडतोय, तुडतुडा आलाय. बाबल्याने फोनवर एवढंच सांगितलं की फवारणी हवी. फवारणीचे चौदा हजार फंडातून दिले. आंबा हा फंडाचाच पाया असल्याने हे पैसे फंडाने फंडाला दिले असं समजायचं.

१६ फेब्रुवारी.

बाबल्या म्हणतो दुसरी फवारणी. नऊ हजार.

गंगारामने कुंपणावरून विचारलं, "काय ओ भाऊ, कोटी किती ऱ्हायले?" दोन कोटी साडेपाच लाख, मी ताठ मानेने सांगितलं. तो म्हणाला, "श्रीमंत मानसाचं बरं असतं. कमी झालं तरी कोटीच."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार.

मराठी भाषा दिन. वाचनालयात व्याख्यान. आज पाकीट घ्यायचंच, म्हणून सकाळी आरशासमोर तीनदा सराव केला: पाकीट घेणे, नमस्कार करणे, बसणे. बोलणे नाही.

भाषण अप्रतिम झालं. 'भाषा विकणारे आणि भाषा जगणारे' हा भाग असा काही जमला की माझ्याच अंगावर काटा आला. आणि नेमकं त्यानंतर अध्यक्षांनी पाकीट पुढे केलं. आता मी ते खिशात घातलं असतं तर विकणाऱ्यांत गेलो असतो. पंधरा मिनिटांपूर्वी मीच त्यांची सालटी काढली होती. परत केलं. वर माझे एक हजार एक.

चूक माझी नाही. पाकीट भाषणाच्या आधी द्यायची पद्धत पाडायला हवी.

८ मार्च, रविवार. दुपार.

मालगुंडला बचत गटाच्या महिलांपुढे व्याख्यान. विषय: घरातल्या स्त्रीच्या श्रमाचं मोल. दर्शनाला चल म्हटलं, पण तिला जमलं नाही. माझ्याच यादीप्रमाणे ती प्रवासासाठी कुळीथ भाजत होती.

मंडपातल्या बायका रडल्या. एक म्हातारी, येसूबाई, उठून म्हणाली, "माज्या घोवाक ह्या कोनी सांगीत काय?" नवऱ्याला हे कोणी सांगेल का, या प्रश्नाने मी हलून गेलो. पाकीट परत, वर दोन हजार एक, आणि गटाला हापूसच्या पाच पेट्या भेट जाहीर केल्या. शाल आणि नारळ मिळाला. नारळ जमेत धरला.

घरी पोचलो तर पीठ दळून डब्यात भरलेलं होतं. दर्शनाला भाषणातले ठळक मुद्दे सांगितले. तिने खोकत ऐकले. कुळथाची धूळ घशात जाते म्हणे.

२१ मार्च.

प्रवासाच्या दोन बॅगा आणि शेगडी घेतली. साडेनऊ हजार. त्यानंतर सहज विमानाचा भाव पाहिला. दोघांचे शहात्तर हजार! जानेवारीत पन्नास होते. एवढ्यात काय विमानाला सोन्याचे पंख फुटले? विमान कंपनीला इंग्रजीत चार पानी ई-मेल लिहिला. नफेखोरीचा इतिहास, ग्राहकाची नैतिक ताकद, शेवटी इशारा. लगेच उत्तर आलं! पण ते, तुमचा संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, एवढंच होतं आणि खाली यंत्राची सही होती.

तिसरी फवारणी, सहा हजार. फंडात पंचेचाळीस-पन्नासच्या मधे काहीतरी. मोजायचं टाळतोय. डाँगमध्ये अजून कोटीच्या वर आहोत.

५ एप्रिल, रविवार.

आंबा उतरला. नऊ पेट्या.

साठ नाही, नऊ. पाच मालगुंडच्या बायकांच्या, जाहीर केलेल्या, त्यात बदल नाही. एक डॉक्टरांची, दर वर्षी पहिली पेटी त्यांच्याकडे जाते, यंदाच गेली नाही तर पुढच्या वेळी ब्लडप्रेशर कोणत्या तोंडाने दाखवू? एक ज्या दुकानदाराने फवारणीचं औषध आठवडाभर उधार दिलं त्याची. एक मृणालीला पुण्याला. मृणाली आमची मुलगी, तिला आंबा विकत घ्यायला लावला तर मी बाप कसला? उरली एक. ती विकायला काढली तर शेजारी गंगाराम कुंपणावर उभा. "वास सुटलाय ओ भाऊ." अर्धी त्याला गेली, अर्धी आम्हीच खाल्ली.

आंब्याचं उत्पन्न: शून्य. बाबल्याची मजुरी, पेट्या आणि गाडीभाडं मिळून नऊ हजारांचा खर्च मात्र झाला. फंड एक्केचाळीस हजार.

अर्थात जेवणाच्या रकान्यातही शून्यच आहे. निदान एक अंदाज अचूक होता.

६ एप्रिल. सकाळ.

काटकसरीचा आराखडा. आठ दिवसांऐवजी चार. बोटीवरचा मुक्काम रद्द, हालाँग किनाऱ्यावरून पाहणार. बोटीतून तरी काय, किनाराच दिसतो. बॅगा न नेता पैसे वाचतात, पण बॅगा घेऊन झाल्यात. तरीही तिकिटाला पस्तीस हजार कमी पडतात.

मृणालीचा फोन. म्हणाली, "बाबा, मी देते ना पैसे, विषय संपव." मी पाऊण तास स्वाभिमानावर बोललो. ती अधूनमधून 'हं' म्हणत होती आणि मागे की-बोर्डचा आवाज येत होता. शेवटी म्हणाली, "आईला दे." मग दोघी अर्धा तास हळू आवाजात बोलत होत्या. मधे हसल्या. माझ्या निर्धाराचं कौतुक चाललं असणार.

११ एप्रिल, शनिवार.

सकाळी दर्शनाला स्कूटरवरून आरे-वारेला नेलं. वळणावर, जिथून दोन्ही किनारे एकदम दिसतात, तिथे थांबवलं आणि म्हटलं, बघ. डोळे अर्धे मिटून बघ. डोंगर, निळं पाणी, होड्या. हालाँगमध्ये याहून वेगळं काय आहे? समुद्राला पासपोर्ट नसतो! शेवटचं वाक्य मोठ्याने म्हटलं, दोन पर्यटकांनी वळून पाहिलं.

दर्शना म्हणाली, "अहो, दर वर्षी शाळेची सहल इथेच आणली मी. शंभर पोरं मोजत. एकदासुद्धा समुद्राकडे बघायला झालं नाही, पोरंच बघत होते."

मग पदर खोचून कठड्याला टेकली आणि समुद्राकडे बघत राहिली. पुढचा मुद्दा टाकून मी स्कूटर सावलीत नेऊन लावली.

नाही. शब्द दिलाय. ही बाई व्हिएतनामला जाणार, माझ्याबरोबर जाणार. हा भिकाजी नागवेकर आयुष्यात दिलेल्या शब्दावरून हटला नाही.

१४ एप्रिल.

झोप नाही. हॉटेलवाल्यांना लिहिलं, अठरातले निदान दहा परत द्या. नम्र नकार. बॅगा दुकानदाराला परत न्यायला गेलो, त्याने एका बॅगेच्या चाकावरची आमच्या अंगणातली लाल माती दाखवली. मी बॅगांची चाचणी घेतली होती.

गंगाराम म्हणतो बोटीने जा, माझा भाचा मालवाहू बोटीवर आहे, विचारतो. मी खरंच दोन मिनिटं विचार केला. त्यावरून आमच्या परिस्थितीची कल्पना यावी.

१९ एप्रिल, रविवार. सकाळी सात.

सापडलं!

निरोप समारंभ. तीस एप्रिलला शाळेत दर्शनाचा सेवापूर्ती समारंभ आहे. सहकारी वर्गणी काढून पाकीट देतात. केंद्रातल्या सगळ्या शाळा मिळून यंदा चांगली वर्गणी जमलीय, मुख्याध्यापक स्वरूप सरांनीच मला बाजारात सांगितलं: पस्तीस हजारांच्या वर जाईल.

एक्केचाळीस आणि पस्तीस. शहात्तर! बरोबर तिकिटाचे पैसे! हॉटेलचे दिलेलेच आहेत. जेवण डब्यात. व्हिसाचे पाच माझ्या पेन्शनमधून. तीस तारखेला संध्याकाळी पाकीट, त्याच रात्री तिकीट. भाव वाढणार नाही अशी आशा आहे.

दर्शनाचं पाकीट हा एकच धागा उरलाय. त्याला फुंकरही लागता कामा नये.

३० एप्रिल, गुरुवार. रात्री. कसं लिहू?

लिहितो. लिहायलाच हवं.

शाळेचं मैदान भरलेलं. माजी विद्यार्थी, पालक, डीएडच्या सहाही मैत्रिणी पहिल्या रांगेत. मृणाली पुण्याहून आली होती. दर्शना अबोली रंगाच्या साडीत व्यासपीठावर, शेजारी मी. स्वरूप सरांनी तिच्या हातात पाकीट दिलं. फुगीर. मी मनात तिकीट काढलंसुद्धा, खिडकीची सीट तिला.

मग ते म्हणाले, "कुटुंबाच्या वतीने सर दोन शब्द बोलतील."

मी खरोखर दोनच शब्द बोलणार होतो. 'आभारी आहोत.' हे दोन शब्द तळहातावर पेनाने लिहून नेले होते. पण माइकसमोर उभा राहिलो आणि समोर ती कौलं दिसली, ज्यांच्यातून पावसाळ्यात पोरांच्या वहीवर पाणी गळतं. पायरीवर बसलेली अनवाणी पोरं दिसली. मी शाळेबद्दल बोललो. मग शिक्षणाबद्दल. मग बाजार झालेल्या शिक्षणाबद्दल. आवाज चढला. मी म्हणालो, शिक्षक घेत नसतो, शिक्षक देतो! टाळ्या. मी म्हणालो, आज माझी पत्नी या शाळेतून काही घेऊन जाणार नाही! टाळ्या. माझा हात पुढे गेला. हात माझाच होता, मी त्याला ओळखतो. तिच्या मांडीवरचं पाकीट त्याने उचललं आणि स्वरूप सरांच्या हातात परत दिलं.

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण पद्धत आहे. परत केलेल्या पाकिटात आपली भर घालायची. मी म्हणालो, आणि यात माझे एक्केचाळीस हजार!

सगळं मैदान उभं राहिलं. स्वरूप सरांनी मला मिठी मारली. मी दर्शनाकडे पाहिलं. तिने हातातला गुच्छ खुर्चीवर ठेवला आणि तीही टाळ्या वाजवू लागली. सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतक्याच.

रिक्षात मृणालीने विचारलं, "बाबा, तळहातावर काय लिहिलंय?"

१ मे, शुक्रवार.

सकाळी घाईने शाळेत गेलो. ठरवून गेलो की स्वरूप सरांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगायचं: भावनेच्या भरात झालं, निदान पाकीट परत द्या, ते माझं नव्हतंच. झेंडावंदन नुकतंच झालेलं. मला पाहताच त्यांनी सगळ्यांना थांबवलं. "आपले दाते आलेत. सर, मुलांना दोन शब्द."

बाहेर आलो तेव्हा आणखी दोन पंखे देऊन बसलो होतो.

२ मे.

स्थानिक पेपरात तिसऱ्या पानावर बातमी. 'शिक्षिकेच्या पतीचा आदर्श.' फोटोत मी पाकीट देतोय. दर्शनाचा अर्धा चेहरा माझ्या कोपरामागे.

मी संपलो आहे. एका बाईने आयुष्यात एकदा काही मागितलं. तिच्या सीटवरून तिला मी उठवलं, तिच्या मैत्रिणींतून काढलं, आणि शेवटी तिचं पाकीटही तिच्या मांडीवरून उचललं. पंच्याऐंशी टक्के चूक माझी आहे. उरलेली विमान कंपनीची आणि धुक्याची.

उद्या तिला सांगणार. मुद्दे काढले आहेत: वस्तुस्थिती, कारणमीमांसा, क्षमायाचना.

३ मे, रविवार.

दुपारच्या जेवणानंतर दर्शनाला समोर बसवलं. पहिल्या मुद्द्याच्या मध्यावर होतो, तेव्हा ती उठली, कपाटातून पासपोर्ट काढून आणला आणि त्यातला व्हिसाचा कागद माझ्यापुढे ठेवला. तिच्या एकटीचा.

सीट तिने रद्द केलीच नव्हती. चौदा जानेवारीलाच पैसे भरले, स्वतःच्या खात्यातून. निरोपाच्या पाकिटाकडेसुद्धा तिचं लक्ष नव्हतं. मृणालीला ठाऊक होतं. सहाही मैत्रिणींना ठाऊक होतं. गंगारामला ठाऊक होतं. विमानतळावरचं सोपं इंग्रजी ती त्याच्याकडून शिकत होती.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस?

म्हणाली, "तुमचं भाषण चालू होतं."

जानेवारीपासून? मी विचारलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "लग्नापासून, पण ते जाऊ द्या. रागावले नाही मी. दोघांचं जमलं असतं तर त्यांना सांगून सीट सोडली असती. खरंच सोडली असती ओ. दर महिन्याला वाट बघितली." मग कुळथाचा डबा खाली काढला आणि म्हणाली, "हे तुम्हाला होईल आठ दिवस."

संध्याकाळी राहीला फोन करून विचारलं की टूरमध्ये अजून एक सीट मिळेल का, मार्गदर्शक म्हणून. पैसे कुठून, ते नंतर बघता आलं असतं. राही म्हणाली, "भाऊजी, फक्त बायकांची टूर आहे." वर म्हणाली, "नाहीतरी, आम्हाला आठ दिवस नुसतं बघायचंय."

९ मे, शनिवार. दुपार.

सकाळच्या गाडीने सात जणी मुंबईला गेल्या. उद्या विमान.

निरोपाचं छोटं भाषण तयार ठेवलं होतं. फार नाही, सहा मिनिटं: व्हिएतनामी स्त्रीचा लढा आणि कोकणी स्त्री. इस्त्रीचा शर्ट घातला. गाडीला वेळ होता. सात जणी, त्यांचे नवरे, मुलं, मोठा घोळका जमला होता, उभं राहायला बाकही मोकळा होता. मी बाकाजवळ उभा राहिलो. फोटो निघाले. लाडू वाटले गेले. राहीने सगळ्यांचे पासपोर्ट तपासले. मी दोनदा घसा साफ केला. दुसऱ्यांदा कोणाच्या तरी मुलाने मला पाण्याची बाटली दिली.

दोन शब्द बोला, असं कोणी म्हटलं नाही.

गाडी आली, चढल्या. एसी डब्याची काच बंद. दर्शना खिडकीशी बसली. गाडी हलली तेव्हा ती एकदम काचेजवळ आली आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलू लागली. ऐकू येईना. हाताने खुणा करत होती, कळवळून, पुन्हा पुन्हा. मला भरून आलं. शेवटी बोलावंसं वाटलंच हिला! मीही छातीवर हात ठेवला, मान हलवली, डब्याबरोबर थोडा चाललो. तिने कपाळावर हात मारला. प्लॅटफॉर्म संपला.

रिक्षात बसलो तेव्हा तिचा मेसेज पाहिला. 'दूध गॅसवर आहे. तुम्ही ठेवलं होतं. धावत जा.'

गंगाराम आमच्या दारात उभा होता. आत धूर. त्याने मागच्या खिडकीतून हात घालून गॅस बंद केला होता. म्हणाला, "घर वाचला, टोप गेला." आणि गेला.

टोपाच्या तळाला बोटभर काळा थर. पाणी घालून ठेवलं. बोटाने निघत नाही. चमच्याने निघत नाही. भांडी घासायचा काथ्या, पावडर, जे काही असतं ते ही कुठे ठेवते, मला माहीत नाही. ओट्याखाली पाहिलं, फळीवर पाहिलं, मागच्या पडवीत पाहिलं.

विचारायला फोन केला. लागला नाही. गाडी बोगद्यात असेल. पाच मिनिटांनी पुन्हा केला. अजून बोगद्यातच.